बाई, मी पास झालते का?

एप्रिल संपत आला की मानकोली नाक्यावरची गर्दी बदलते. एरवी इथे दिसतात ते नाशिककडे तोंड करून उभे असलेले कंटेनर, त्यांच्यामधून वाट काढणारे टेम्पो आणि पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर टेकलेले हमाल. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात या गर्दीत गाठोडी मिसळतात. पत्र्याची पेटी, चादरीत बांधलेली भांडी, प्लॅस्टिकची एखादी नवी बादली आणि त्या सामानावर बसलेली पोरं. गावाकडे निघालेली ही कुटुंबं कल्याणला जाणाऱ्या रिक्षेची वाट पाहत उभी असतात.

परवा अशाच एका कुटुंबाशी बोलणं झालं. गृहस्थ इथल्याच एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करणारा, मूळचा यवतमाळकडचा. बरोबर बायको, एक तान्हं मूल आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा. मुलाच्या अंगात शाळेच्या गणवेशाचा शर्ट होता. प्रवासाला घालण्याजोगा तोच एक धड असावा.

‘‘निकाल कधी आहे रे तुझा?’’ मी विचारलं. सवय जात नाही.

‘‘एक तारखेला,’’ मुलगा म्हणाला.

‘‘मग दोन दिवस थांबला असतात की!’’

त्याचे वडील हसले. म्हणाले, ‘‘बाई, गाडीचं रिझर्व्हेशन आजचंच मिळालं. आणि निकालासाठी काय थांबायचं? आता नापास कुठं करतात?’’

मुलगा पाचवीत होता. पाचवीला आता नापास करतात, हे त्या बापाला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी या परिसरातल्या प्राथमिक शाळांमधून तीसहून अधिक वर्षं शिकवलं. या काळात वर्षअखेरची सूचना मी स्वतःच्या हाताने फळ्यावर किती वेळा लिहिली असेल, त्याचा हिशेब नाही. मजकूर दरवर्षी तोच. निकाल १ मे रोजी सकाळी ८ वाजता. सर्व पालकांनी उपस्थित राहावे. शाळा जूनमध्ये अमुक तारखेस सुरू होईल. खाली ‘मुख्याध्यापक’. चार ओळी लिहिल्या, अक्षर नीट आलं की नाही ते दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, हात झटकले, की काम झालं असं वाटायचं. काम झालेलं नसतं, हे कळायला मला फार वर्षं लागली. ते ज्या मुलीमुळे कळलं, तिची गोष्ट आज सांगायची आहे.

वीटभट्टीवरची मुलगी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या वेळी पालघर जिल्हा झालेला नव्हता. जव्हार, मोखाडा हे तालुके आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. (वेगळा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.) दिवाळी झाली की त्या डोंगराळ भागातून आदिवासी कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर उतरत आणि पाऊस तोंडावर आला की परत जात. पावसाळ्यात घेतलेली उचल उन्हाळ्यात अंगमेहनतीने फेडायची, हा त्यांचा वर्षाचा क्रम. मुलं अर्थातच बरोबर. अशा मुलांसाठी भट्टीवरच झोपडीत शाळा भरवण्याचा प्रयोग वसईकडच्या विधायक संसद या संस्थेने केला आणि तो ‘भोंगा शाळा’ या नावाने पुढे गाजला. भोंगा म्हणजे भट्टीवरची पेंढ्या-विटांची खोपटी. पण सगळ्या भट्ट्यांपर्यंत अशी शाळा कुठून पोहोचणार?

आमच्या शाळेजवळच्या भट्टीवरून एक मुलगी दिवाळीनंतर चौथीत येऊन बसू लागली. त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी कागदपत्रांचा फार घोळ न घालता तिचं नाव पटावर घेतलं. पहाटे आईबापाबरोबर विटा पालट्या करून ती शाळेत यायची. हाताच्या भेगांत माती असायची, पण वहीला तिचा डाग कधी लागू दिला नाही. गणितात वर्गातल्या पहिल्या पाचांत होती. चौथी झाली की तिला आश्रमशाळेत पाचवीला घालायचं, असं तिच्या आईशी माझं बोलणंही झालं होतं.

वार्षिक परीक्षा झाली. मी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. त्या वर्षी भट्टीचं काम लवकर आटोपलं. एप्रिलच्या अखेरीस एका रात्रीत ट्रक भरून माणसं गेली. १ मे रोजी झेंडावंदन झालं, निकाल वाटले. तिचं प्रगतिपुस्तक माझ्या हातात राहिलं. मी ते कपाटात ठेवलं. जूनमध्ये ती आली नाही, तेव्हा मनाशी म्हटलं, गेली असेल आश्रमशाळेत. हजेरीपटावरचं नाव यथावकाश कमी झालं.

दोन वर्षांनी जनगणनेचं की मतदारयादीचं, असंच कसलंसं काम घेऊन मी त्या भट्टीवर गेले होते. विटांच्या थराआडून एक मुलगी पुढे आली. कडेवर धाकटं भावंड. मी तिला ओळखलं नाही; तिने मला ओळखलं. मला वाटलं, ‘‘बाई, कशा आहात’’ असं काही तरी म्हणेल. ती म्हणाली, ‘‘बाई, मी पास झालते का?’’

दोन वर्षं ती हा प्रश्न मनात घेऊन विटा वाहत होती. पास झालो की नाही हे माहीत नाही, हातात दाखला नाही, म्हणून बापाने आश्रमशाळेची पायरीच चढली नव्हती. कागदाशिवाय कोण घेणार, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कपाट उपसून प्रगतिपुस्तक काढलं. मुख्याध्यापकांकडून दाखला लिहून घेतला आणि तिच्या हाती दिला. तिने तो वाचला. तिचे वडील म्हणाले, ‘‘आता काय करायचं याचं?’’ ते रागावून बोलले नव्हते, खरोखर विचारत होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शासनाने तिला काही नाकारलं नव्हतं. शाळेने फी मागितली नव्हती. भट्टीमालकानेही अडवलं नव्हतं. फक्त माझी सूचना तिच्या घरापर्यंत पोहोचली नव्हती. भट्टीवर फळा नसतो, आणि तिच्या आईबापांना अक्षरओळख नव्हती, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरीही मी सूचना फळ्यावर लिहिली आणि हात झटकले.

बदललेला पट

मानकोलीची आजची शाळा समजून घ्यायची, तर मानकोली कशी बदलली ते पाहावं लागतं. एके काळी पटावर सगळी आसपासच्या आगरी घरांतली मुलं. भातशेती, खाडीची मासळी आणि पावसाच्या वेळापत्रकावर चालणारं आयुष्य. एप्रिल-मेमध्ये गैरहजेरीचं कारण ठरलेलं असे, हळद आणि लग्न. एका घरी हळद म्हटली की पाच गावांची पोरं शाळेतून गायब. पण ती जायची ती शेजारच्या गावाला, आणि जून उजाडला की परत यायची. सूचना नाही वाचली तरी आजीला ठाऊक असे की पेरण्यांच्या सुमारास शाळा उघडते.

मग गोदामं आली. मुंबई महापालिकेच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर जकात लागत असे. त्यामुळे हद्दीच्या बाहेर, पण मुंबईच्या दाराशी आणि आग्रा रोडला लागून माल साठवणं व्यापाऱ्यांना सोयीचं पडलं. मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात शेतांच्या जागी पत्र्याची छपरं उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला, जकात गेली. पण गोदामं गेली नाहीत, उलट वाढली. घरपोच येणाऱ्या खोक्यांचा व्यापार आता इथूनच चालतो. त्या खोक्यांमागोमाग माणसं आली, मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून. त्यांची मुलं आमच्या बाकांवर आली.

या मुलांच्या आजीला आमची शाळा कधी उघडते ते माहीत नसतं. विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे शाळा जूनच्या अखेरीकडे सुरू होतात, आमच्याकडे जूनच्या मध्याला. यवतमाळचा बाप आपल्या लहानपणीच्या हिशेबाने परत येतो, तोवर इथे दोन आठवडे झालेले असतात. उत्तरेकडच्या कुटुंबांचं तर जूनमधल्या गर्दीत परतीचं तिकीट मिळेल तेव्हा खरं. काही जण येतच नाहीत. ते गावी शाळेत जातात की शेतावर, हे इथे कुणाला कळत नाही.

कायदा आहे, पण

त्या मुलीच्या वेळी जे नव्हतं ते आज आहे, हे मान्य केलं पाहिजे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळा बदलायची तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. वयाचा पुरावा नाही म्हणूनही मुलाला परत पाठवता येत नाही. मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवायचं, मागे पडलेलं शिकवून घ्यायचं. ही कलमं तेव्हा असती आणि मला ठाऊक असती, तर त्या बापाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं.

याच कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं होतं. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ या वर्षापासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. जो उत्तीर्ण होणार नाही त्याला निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी मिळते. तिथेही जमलं नाही तर तो त्याच वर्गात राहतो. शाळेतून मात्र त्याला काढता येत नाही. म्हणजे नाक्यावरच्या त्या मुलाचा एखादा विषय राहिला असेल, तर त्याच्या पुनर्परीक्षेची तारीख तो यवतमाळला आंब्याखाली खेळत असताना निघून जाऊ शकते. बाप म्हणत होता, आता नापास कुठं करतात!

गंमत पाहा. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको, यावर सबंध महाराष्ट्र बोलत होता. एप्रिलमध्ये शासननिर्णय निघाला, रान उठलं आणि २९ जूनला सरकारने निर्णय मागे घेतला. आमच्या नाक्यावरच्या टपरीवरही त्यावर तावातावाने चर्चा झाली. बोललं पाहिजेच, प्रश्न मोठाच होता. पण त्याच टपरीवर चहा पिणाऱ्या किती बापांना आपल्या पोराची शाळा कोणत्या तारखेला उघडते हे सांगता आलं असतं? मोठी बातमी आपोआप घरी पोहोचते. लहान सूचना कुणी तरी पोहोचवावी लागते.

ज्या वर्षाला शेवटच नव्हता

ही सूचना न मिळाल्यावर काय होतं, याचा धडा २०२० साली आपल्याला एकदम, घाऊक मिळाला. मार्चच्या मध्याला शाळा बंद झाल्या. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द करून मुलांना वर चढवण्यात आलं. नुकतीच निवृत्त झालेली मी घराच्या दारातून हा रस्ता पाहत होते. कसाऱ्याच्या दिशेने माणसं चालत निघाली होती. डोक्यावर बोचकी, हाताशी पोरं. त्यांतली काही आमच्याच शाळेतली असणार. त्या वर्षी निकालाची सकाळ झाली नाही. वर्गाने एकमेकांचा निरोप घेतला नाही. ‘‘सुट्टीत पाढे म्हणा’’ असं कुणी बजावलं नाही. कुणाचा दाखला कुठे, कुणाचा फोन कुठला, काही नोंद नाही.

नंतर शाळा भरल्या, तेव्हा काही नावांपुढची रकाने रिकामीच राहिली. शिक्षकांनी जुन्या नंबरांवर फोन लावले. बरेच बंद होते. वर्षाचा शेवट नीट झाला नाही, तर पुढच्या वर्षाची सुरुवातही होत नाही, हे तेव्हा मला पटलं.

तांदळाच्या दिवसाची आठवण

यावर शिक्षकमित्र काय म्हणतील, ते मला पाठ आहे. ‘‘बाई, आम्ही आणखी काय काय करायचं? ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीची कामं करायची, परीक्षा घ्यायच्या, पेपर तपासायचे, चार दिवसांत निकाल लावायचे. आणि वर घरोघर फिरायचं? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सूचना टाकली आहे की!’’

त्यांचं खोटं नाही. मीही हेच म्हणत असे, फक्त व्हॉट्सअॅपच्या जागी फळा होता. पण घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात आणि बाप ट्रकबरोबर इंदूरच्या वाटेवर, अशी घरं मानकोलीत थोडी नाहीत. सूचनेपुढे दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे ती आईला कळली, असं समजणं ही आपली सोय झाली.

घरोघर फिरायचीही गरज नाही. १९९५ साली शालेय पोषण आहाराची योजना आली, तेव्हा आपल्याकडे शिजवलेलं अन्न नव्हतं. ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळत. तांदूळ वाटायच्या दिवशी शाळेत मुंगीला जागा नसे. भट्टीवरच्या बाया यायच्या, आज्या यायच्या, कधी शाळेचं तोंड न पाहिलेले बाप पिशवी घेऊन रांगेत उभे राहायचे. आणि आम्ही काय केलं? मापं घातली, अंगठे घेतले आणि घरी पाठवलं. १ मे रोजी मात्र निम्मे पालक आले नाहीत म्हणून कुरकुर केली. ज्या दिवशी सगळे समोर उभे होते, त्या दिवशी आम्ही गप्प होतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. पालक गावाला निघण्याआधी, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, शाळेने एक दिवस ‘निरोपाचा’ म्हणून धरावा. तो रविवारी असावा किंवा पाळी सुटल्यावर संध्याकाळी. गोदामाच्या हमालाला सकाळी ८ ला रजा मिळत नाही. २०२२ पासून जिल्हा परिषदेच्या शाळांतून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे एप्रिलमध्ये होऊ लागले आहेत आणि त्यांना आया उत्साहाने येतात. येणाऱ्यांसाठी जमलेल्या याच मांडवात जाणाऱ्यांनाही बोलवावं, वेगळा खर्च नको. तिथे फक्त चार गोष्टी तोंडी, सावकाश आणि पालकांना कळेल त्या भाषेत सांगाव्यात. निकाल कधी आणि तुम्ही नसाल तर तो कुणाच्या हाती द्यायचा. शाळा कधी उघडणार. पाचवीच्या मुलाचा विषय राहिला तर पुनर्परीक्षेला कधी यायचं. आणि परत येणार नसाल, तर आत्ताच सांगा, दाखला घेऊन जा, म्हणजे गावच्या शाळेत दुसऱ्या दिवशी पोर बसेल. जाणाऱ्या प्रत्येक घराचा गावाकडचा एक फोन नंबर तेवढा वहीत उतरवून घ्यावा. शेजाऱ्याचा, किराणावाल्याचा, कुणाचाही चालेल.

पालकांनाही एक सांगायचं आहे. तिकीट काढण्याआधी एकदा शाळेत डोकावा. बाई रागावतील, अशी भीती धरू नका. फार तर चार शब्द बोलतील. ‘‘आम्ही चाललो, पोराचं काय ते सांगा,’’ एवढं विचारायला लिहिता-वाचता यावं लागत नाही.

आणि जी कुटुंबं १ मे रोजी निकाल घेऊन पेढे वाटतील, त्यांनी आपल्या मुलांना सहज विचारावं, ‘‘तुझ्या बाकावरचा तो कुठे गेला रे? त्याला निकाल मिळाला का?’’ बऱ्याचदा शाळेला नसलेला पत्ता मित्राला ठाऊक असतो.

नाक्यावरच्या त्या मुलाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. मी त्याच्या वडिलांना पाचवीच्या नियमाचं समजावून सांगितलं. ते जरा गंभीर झाले. शेजारच्या खोलीतल्या माणसाला फोन करून, एक तारखेला शाळेत जाऊन निकाल घ्यायला आणि पुढे काय ते कळवायला त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. शाळा उघडायची तारीख लिहायला कागद मिळेना, तेव्हा मुलाने माझ्याकडून पेन घेऊन ती तळहातावर लिहिली. रिक्षा आली, गाठोडी चढली. मी ओरडून म्हटलं, ‘‘अरे, हात धुशील तेव्हा पुसेल ते!’’

रिक्षेतून तो म्हणाला, ‘‘पाठ झाली बाई!’’